गालात भजे असलेला फोटो

तो सिनेमातला नट गेला ना, हासवता हासवता कधी रडवून देईल याचा भरोसा नसलेला, तवा आमी गावात त्याची शोकसभा ठेवली. शोकसभेची आमाले लय प्रॅक्टिस होती राजेहो. त्या वर्षी शिवारात कापसापेक्षा त्याच जास्त पिकल्या. हार, टेबल, माइक, सारं तयार. फक्त फोटो नव्हता. सलीम अमरावतीच्या टाकीजवर पोस्टर चिकटवे, त्यानं एका पोस्टरातून कापून आणला. दोन्ही गालात भजे, डोये तिरपे. आमी त्यालेच हार घातला.

हेडमास्तर घड्याय पाहून म्हनले, "दोन मिनिटं शांत उभे राहा."

अर्ध्या मिनिटात आठवीतल्या सुन्याले हासू फुटलं. चार महिन्यांआधी याच टेबलावर त्याच्या बापाचा फोटो होता, तवापासून तो हासला नव्हता. त्याले पाहून सारी सभा हासून राहिली.

हेडमास्तर तापले. "सुन्या, दोन मिनिटं दम धरवत नाई तुले?"

सुन्या डोये पुसत म्हने, "बाबाच्या टायमाले धरला होता ना, सर."

सरांनी फोटोकडे पाह्यलं, मंग घड्यायाकडे.

"बरं, हासा," ते म्हनले. "पन दोनच मिनिटं."