समासातली शाई

बेर्मुदो : मग समासात हे अरबी लिहिलं कुणी?

साल्वातो : मी नाही, पाद्रीबुवा. दुपारी खोलीला कुलूप लावून तुम्ही झोपता. किल्ली तुमच्याच कमरेला असते.

बेर्मुदो : तोलेदोत अरबी लिहिणारे काय कमी आहेत?

साल्वातो : अक्षराचं शेपूट असं खाली ओढून वर वळवणारा एकच होता. मुतर्रिफ.

बेर्मुदो : त्याला पुरून चार महिने झाले.

साल्वातो : ठाऊक आहे. त्याच्याच जागेवर मला बसवलंत.

बेर्मुदो : काय म्हणतोय?

साल्वातो : ‘हे मी सांगितलं नव्हतं.’

बेर्मुदो : खरवड.

साल्वातो : परवा खरवडलं, काल खरवडलं. आता पानाच्या चामड्यातून माझं बोट दिसतंय. शेजारी लॅटिनमध्ये काय लिहिलंय तुम्ही?

बेर्मुदो : तुला काय करायचंय? तू अरबी वाचून आपल्या बोलीत सांगायचं, मी लॅटिन लिहायचं. मुतर्रिफनं कधी विचारलं नाही. लॅटिन येतच नव्हतं त्याला. त्याला कसं कळेल?

साल्वातो : आता शिकायला वेळ मिळाला असेल.

बेर्मुदो : थट्टा पुरे. शनिवारी मठाधिपतींचा माणूस हे लॅटिन कुराण न्यायला येतोय. त्यात हे अक्षर दिसलं तर मला बाटलेला ठरवतील.

साल्वातो : मग सांगा, काय लिहिलंय?

बेर्मुदो : ‘इथे मारियेबद्दल बाष्कळ बडबड आहे, गाळली.’

साल्वातो : मूळ अरबीत येशूची ही आई खजुराखाली एकटी बाळंतकळा सोसतेय. म्हणतेय, याआधीच मेले असते तर बरं झालं असतं.

बेर्मुदो : हे सांगताना मुतर्रिफचा आवाज बसला होता. मठाधिपतींना तिची निंदा हवी होती. ती सापडेना, म्हणून गाळलं.

साल्वातो : आपण दोघं तिच्यापुढे मेणबत्त्या लावतो, पाद्रीबुवा.

बेर्मुदो : चाकू दे. तुझं बोट काढ.

(बेर्मुदो लॅटिन ओळ खरवडून नवी लिहितो.)

साल्वातो : समास बघा.

बेर्मुदो : कोरा आहे. तू हात लावलास?

साल्वातो : माझे हात मांडीवर होते. अशा जागा किती असतील?

बेर्मुदो : शनिवारपर्यंत संपणार नाहीत इतक्या. आणि खरं लिहिलं तर मठाधिपती मला या खोलीतून हाकलतील.

साल्वातो : मग?

बेर्मुदो : बस. त्या तिवईवर नको, ती मुतर्रिफची. इकडे. पहिल्या पानापासून मी माझं लॅटिन आपल्या बोलीत मोठ्यानं वाचतो.

साल्वातो : मी मूळ अरबी धरून बसू?

बेर्मुदो : तू फक्त समासाकडे बघ. तो गप्प राहिला तर पान उलटू.