पुसलेले ठिपके

हॅलो?… हो वहिनी, मीच… ऑफिसातच आहे, बोल ना… मिळाला ना फोटो? हो, दादाचीच बोट. तळाशी उलटी पडलीय… अगं, रडू नको. फुटलेली नाही, अख्खी आहे…

कालचा? तोही बोटीचाच. चुकून कच्चा गेला तुला. आजचा मी साफ केलाय… म्हणजे बघ, सोनारचं मशीन वरून आवाज सोडतं, तो तळाला आपटून परत येतो, त्याचं चित्र उमटतं. त्यात कचरा फार. तो काढला की तळ कसा लख्ख दिसतो. दादा नाही का चिडवायचा, ही खुर्चीत बसून समुद्र झाडते म्हणून… हो गं. तीन दिवस तेच करतेय, डोळे शिणून गेलेत.

ठिपके? कुठले?… हां, ते पांढरे! तोच कचरा. दुसरा कुठला आवाज मध्ये घुसला की येतात. मासे, एखादं इंजिन… पुसले ना सगळे. कामच आहे माझं.

छे, बोटीपाशीच कसे असतील? थांब, उघडते कच्चा… पाणबुडे? उद्या सकाळी. साहेब म्हणाले, आता घाई करून काय… तसं नव्हतं म्हणायचं त्यांना, वहिनी, ऐक ना…

उघडला. हं… खरंच गं, बोटीपाशीच आहेत. बाकी कुठे नाहीत.

हे मासे नव्हेत. पाच आहेत… मग मोकळं… परत पाच… काही नाही, मोजतेय. परवाचं बघते… पाच. परवाही पाचच.

एक मिनिट बोलू नको. आमची सोनारची बोट दादाच्या बोटीवर आली की सुरू होतात. ती थोडी पुढे सरकली तरी चालूच…

वहिनी, आतून कुणीतरी ठोकतंय.

मला नाही माहीत दादाच का! तिघं होते आत. कुठेतरी हवा राहिली असेल… आणि मी पुसत बसले गं. तीन दिवस. ऐकूच आलं नाही मला…

आज सकाळची फेरी? तीच उघडतेय… चार. मग… तीन. मग नुसताच तळ… तळच आहे… अजून तळ…

थांब. एक आहे.

ठेव! फोन ठेव वहिनी, पाणबुड्यांना लावते… नाही, उद्या नाही, आत्ताच्या आत्ता… अगं ठेव ना!