परीक्षेच्या ओळीला मी गप्प का बसते

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक विश्राम रणनवरे सर, आपले पाळक रेव्हरंड मुकुल भालेराव साहेब, कोपरीच्या आपल्या मंडळीतल्या बंधूंनो आणि भगिनींनो, आणि आमच्या शेजारीण हौसाबाई, ज्या निव्वळ माझ्या शब्दाखातर आज पहिल्यांदा चर्चच्या हॉलमध्ये आल्या आणि नेमकी पंख्याखालची खुर्ची धरून बसल्या, तुम्हा सगळ्यांना जाईबाई देवराम शिरसाठचा प्रभूच्या नावाने नमस्कार.

अध्यक्षसाहेब घोडबंदर रोडवर दीड तास अडकून इथवर पोचलेत. त्यांना फार बसवून ठेवू नका, पाच मिनिटांत आटपा, असं माझ्या सुनेने, विनिताने, बजावलंय. मी हो म्हणाले. हो म्हणायला काय जातं?

तर माझी नात संचिता एम.टीएच., म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्रातली एम.ए., झाली. विषय उपासनाशास्त्र. मी ही बातमी जिन्यात हौसाबाईंना दिली, तर त्या म्हणतात, "अगं बाई, उपासाचं पण शास्त्र असतं? साबुदाणा भिजवायला दोन वर्षं लागली पोरीला?" हौसाबाई, मान खाली घालू नका, तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, उपास नाही हो, उपासना. आम्ही रविवारी चर्चमध्ये जे करतो ते. कधी उठायचं, कधी बसायचं, कोणती प्रार्थना आधी, कोणती नंतर, आणि का. त्यावर त्या म्हणाल्या, "ते तर तुम्ही न शिकताच करता की!" 

त्याचं उत्तर संचिताकडे आहे. तिने प्रबंधच त्यावर लिहिला. पुस्तकात छापलेली उपासना एक, आणि आपण बाकावर बसून प्रत्यक्ष करतो ती दुसरी. चार रविवार ती मोबाइल घेऊन बायकांच्या बाजूला बसलेली आठवते ना? आपल्याला वाटलं पोरगी व्हॉट्सॲप बघतेय. करिश्माच्या आईने तर माझ्याकडे तक्रारही केली. संचिता आपलं प्रार्थना म्हणणं टिपून घेत होती! कोण प्रार्थनेत अर्धा शब्द पुढे पळतं, कोण आमेनला खोकतं, सगळं त्यात आहे. नावं नाहीत, घाबरू नका.

आता मुद्द्यावर येते. विनिता, हात खाली कर, दिसतंय मला.

त्या प्रबंधात एक पान माझ्यावर आहे. प्रभूच्या प्रार्थनेत आपण देवाला विनवतो ना, की आम्हाला परीक्षेत आणू नको, त्या ओळीला माझा आवाज बंद होतो. आधी मी सगळ्यात मोठ्याने, नंतरही मोठ्याने, मध्ये तेवढी गप्प. चारही रविवारी. संचिताने लिहिलं, "एक ज्येष्ठ स्त्री या ओळीला मौन धारण करते. हे मौन शब्दांहून खोल अशी उपासना आहे." तिच्या सरांनी बाजूला लाल शाईने 'उत्तम' लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या साहेबांनी त्या पानाची सगळ्यात जास्त तारीफ केली. तिने घरी ते पान मला वाचून दाखवलं. "आजी, ही तू!" मी लसूण सोलत होते. सोलतच राहिले.

कारण मंडळी, ते सगळं चूक आहे. आणि सोमवारी तो प्रबंध पुस्तक होऊन छापायला जातोय. आज बोलले नाही तर माझ्याबद्दलचं खोटं कायमचं छापलं जाईल.

मी राहुरीकडची. चौथीत होते. गणित माझ्या डोक्यात शिरायचं नाही. वार्षिक परीक्षा जवळ आली, तेव्हा मी ती ओळ जीव तोडून म्हणायचे. मला वाटायचं, ती माझ्यासाठीच लिहिलीय. बघा, देवाने ऐकलं. त्याच आठवड्यात धाकटा भाऊ झाला, आई अंथरुणाला खिळली, आणि बाप म्हणाला, "जाई, उद्यापासून घरी." परीक्षा टळली. शाळाही टळली, कायमची.

तेव्हापासून त्या ओळीचा मला धाक आहे. संचिता दहावीला बसली तशी मी ती गिळायला लागले. मग बारावी, बी.ए., पाळकांची ती बी.डी., आणि आता ही पदवी. पोरीची परीक्षा संपायचं नाव नाही आणि माझं तोंड उघडायचं नाव नाही. पाळकसाहेब, तुम्ही रुमालाआड हसताय. हसा. पण पोरगी एकदा तरी नापास झाली का?

संचिता, उठलीस का? बोल, सगळ्यांना ऐकू दे.

ती म्हणतेय, "आजी, तिथे परीक्षा म्हणजे मोह गं. पेपर नव्हे."

अगं, ठाऊक आहे मला! पन्नास वर्षं प्रवचनं ऐकतेय. अर्थ ठाऊक असणं वेगळं आणि तुझे पेपर तोंडावर असताना तो शब्द तोंडातून काढणं वेगळं. आता काढून टाक ते पान. तुझ्या सरांना सांग, आजी उपासक नव्हे, भित्री आहे.

काय म्हणालीस? मोठ्याने बोल, हौसाबाईंना कमी ऐकू येतं.

ती म्हणते, पान काढणार नाही. मौनाचं वाक्य खोडणार आणि मी आत्ता बोलले ते, ठाऊक असणं वेगळं आणि तोंडातून काढणं वेगळं, हे तिथे घालणार. खाली माझं नाव घालू का विचारते.

घाल. पूर्ण घाल. 'एक ज्येष्ठ स्त्री' असं छापलंस, तर मंडळीतल्या अकरा जणी म्हणतील ती मीच. आणि शिक्षण लिहायचं असेल तर चौथी लिही. परीक्षा दिली नाही, हेही लिही.

अध्यक्षसाहेबांचे, पाळकसाहेबांचे, चहा-बटाटेवड्याची सोय करणाऱ्या तरुण संघाचे आणि न जांभई देता ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागलं असेल, तर म्हातारीची जीभ समजून सोडून द्या.

एवढं मात्र ऐका. येत्या अठ्ठावीस तारखेला संचिताची पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा आहे. तोवर रविवारी ती ओळ आली, की कृपा करून सगळ्यांनी जरा हळूच म्हणा.