उभं विमान

माझं लग्न विमान उडत नव्हतं म्हणून जमलं, खरंच. जालन्याजवळच्या विमानतळावर जुनी विमानं आणून ठेवतात, त्यातल्या एकाची देखभाल मी करतो. विमान उडत न्हाई कळलं की मुलीकडचे पोहे न देता चहावरच वाटेला लावायचे.

शहागडच्या स्थळाकडं मुलीच्या वडिलांनी विचारलं, "विमान जातं कुठं?"

"कुठंच न्हाई. उभंच असतं. टायर एका जागी दबू नयेत म्हणून मी मधूनमधून चाकं फिरवतो."

"म्हंजे तुम्ही रोज घरी?"

"रोज."

त्यांनी आत आवाज दिला, "पोहे आणा!"

लग्नानंतर तेच विमान दुरुस्त होऊन उडालं, नेमकं शहागडवरून गेलं. लगेच सासऱ्यांचा फोन.

"जावईबापू, तुम्ही खालीच हायेत ना?"