स्वागतगीताचा वर्ग

सन्माननीय अध्यक्ष रूपरावजी धोटे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या सुलोचनाबाई, व्यासपीठावरचे मान्यवर, पुढच्या तीन रांगांतले मंडळाचे आश्रयदाते, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले पालकहो. पालक उभे आहेत, कारण खुर्च्या आश्रयदात्यांसाठी राखून ठेवल्या आहेत. आश्रयदाते निम्मे आले आहेत. तेव्हा पालकांनी पुढे येऊन बसावं. नाही? बरं. सवयीचा भाग आहे.

मला दहा मिनिटं दिली आहेत आणि दोन विषय. बाईंची सेवा आणि मंडळाचे शैक्षणिक उपक्रम. उपक्रमांबद्दल असं बोलावं की आश्रयदात्यांना समाधान वाटेल, असं रूपरावजींनी सुचवलं. तिसरा एक विषय काढू नये, असंही सुचवलं. तो विषय म्हणजे परवा होणाऱ्या बैठकीतला विषय क्रमांक चार. ‘बाईंच्या निवृत्तीनंतर संगीत वर्ग तूर्त स्थगित ठेवणेबाबत.’ मी मंडळाचा चिटणीस आहे, हे वाक्य मीच लिहिलं आहे. पस्तीस वर्षं कॉलेजात भाषा शिकवली, त्यामुळे ‘तूर्त’ हा शब्द मला जपून वापरता येतो. आपल्या वाचनालयाच्या दारावर ‘तूर्त बंद’ अशी पाटी आहे. ती पाटी आजवर दोनदा रंगवून घेतली.

पण आज तो विषय नाही. आज बाई.

सव्वीस वर्षांपूर्वी बाई देवळीत आल्या. त्यांचे यजमान पुलगावला नोकरीला. मंडळाकडे हा हॉल होता, एक पेटी होती, तिचे दोन सूर बोलत नव्हते. एक तानपुरा होता. बाईंनी अकरा मुलं जमवली आणि पहिल्या दिवशी सांगितलं, महिनाभर कोणी गायचं नाही. तानपुरा लागलाय की नाही, तेवढं ऐकून सांगायचं.

पालकांना हे पटलं नाही. मुलांना गाणं शिकायला पाठवलं होतं, बसायला नाही. नाचणगावचे लहानूभाऊ आपल्या मुलीला सायकलवर घेऊन यायचे. तिसऱ्या आठवड्यात ते आत आले. मी दारात होतो.

“बाई, पोरगी घरी येऊन काहीच म्हनत नाई. नुसती बसून राह्यते का इथं?”

“ऐकून राह्यली ती, भाऊ.”

“ऐकाले तर घरी रेडिओ हाय.”

“मग तुम्ही बी बसा. रेडिओपेक्षा काही येगळं वाटलं तर सांगा.”

लहानूभाऊ बसले. परतायचं अंतर लांब, मुलीला एकटी सोडायची नाही, दुसरं काम नाही. ते दर वर्गाला बसू लागले. पाचव्या आठवड्यात वर्ग चालू असताना मागून आवाज आला, “बाई, मधली तार उतरली वाटते.” बाईंनी तार लावली आणि म्हणाल्या, “भाऊ, तुमचं नाव हजेरीत टाकते.” ते खरोखर टाकलं आहे. हजेरीपटात बारावं नाव लहानूभाऊंचं आहे. ते आज मागे उभे आहेत, आणि मी त्यांच्याकडे पाहिलं म्हणून भिंतीकडे पाहत आहेत.

आता उपक्रम. आश्रयदात्यांनी आमचा वर्ग पाहिला आहे का? वर्गात नाही. आपण तो स्टेजवर पाहिला आहे. शाळेचं स्नेहसंमेलन, पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, बँकेच्या शाखेचा वर्धापनदिन, कुस्त्यांचं बक्षीस वितरण. तालुक्यात कार्यक्रम असला की बाईंना निरोप येतो, स्वागतगीतासाठी मुलं पाठवा. बाईंनी भूप रागात चार ओळी बसवल्या. दुसऱ्या ओळीत पाहुण्यांच्या नावासाठी चार मात्रांची जागा सोडली. मुलं दर कार्यक्रमाला नवं नाव घालायची.

स्वागतगीत चालू असताना आपण काय करतो? पाहुण्यांना कोणती खुर्ची द्यायची ते ठरवतो. शाल कोणाच्या हातात आहे ते शोधतो. मीही करतो. माईकवाला तेवढ्यात वायर बदलतो. शेवटी टाळ्या वाजतात, म्हणून कळतं की संपलं.

चार वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाला जामचे दत्तोपंत प्रमुख पाहुणे होते. पोस्टातून निवृत्त, सज्जन माणूस. मुलांनी आठवडाभर ‘दत्तोपंत’ घोटलं. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांची बस बंद पडली. ऐनवेळी एका अधिकारी बाईंना विनंती केली, त्या आल्या. मुलांना सांगायला सगळेच विसरलो. मुलांनी दत्तोपंतांचं स्वागत केलं, दोन आवर्तनं, खणखणीत. अधिकारी बाई भाषणात म्हणाल्या, “चिमुकल्यांनी माझं जे गोड स्वागत केलं, ते मी विसरणार नाही.”

कार्यक्रम संपल्यावर एकच माणूस बाईंकडे आला. लहानूभाऊ.

“बाई, दत्तोपंत तर जामलेच अटकले म्हनतात. मंग गान्यात त्याइचं नाव काऊन?”

बाई त्या दिवशी मला म्हणाल्या, “सर, बावीस वर्षं लेकरं गाऊन राह्यले. ऐकलं एकाच माणसानं. अन् तो माणूस माह्या वर्गातला निघाला.”

मी म्हटलं, पुढच्या वेळी नाव तपासून घेऊ. बाई म्हणाल्या, “काही नका तपासू. राहू द्या तेच.”

ते तेच राहिलं. चार वर्षांत सदतीस कार्यक्रम झाले. सगळ्या कार्यक्रमांत दत्तोपंतांचं स्वागत झालं. दत्तोपंत आता मुलाकडे नाशिकला असतात, त्यांना याची कल्पना नाही. मुलांना आहे. एक्केचाळीस मुलांनी ही गोष्ट चार वर्षं बाहेर जाऊ दिली नाही. शिस्त हा आमचा एक उपक्रम आहे, असं अहवालात लिहायला हरकत नाही.

आज कार्यक्रमाच्या सुरुवातीला आपण टाळ्या वाजवल्या. रूपरावजींनी उठून हात जोडले. ते स्वागतही दत्तोपंतांचं होतं.

रूपरावजी हसले. बरं झालं. राग आला असता तरी मी समजून घेतलं असतं. कारण वर्ग कशाला हवा, हे त्यांनी मला मोकळेपणाने विचारलं होतं. मागच्या महिन्यात ते एक स्पीकर आणि पेन ड्राइव्ह घेऊन आले. “सर, स्वागतगीत भरून आनलं याच्यात. बटन दाबलं का सुरू. आता एवढे लेकरं काऊन जमवाचे?”

मी म्हटलं, “मुलं शिकतात इथे.”

“शिकू द्या ना. मना कोन करून राह्यलं? घरी शिकतील.”

त्यांचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. आपण सगळ्यांनी सव्वीस वर्षं या वर्गाकडे फक्त स्वागतगीत मागितलं. तेवढंच हवं असेल तर पेन ड्राइव्ह पुरेसा आहे. तो थकत नाही, त्याला सर्दी होत नाही, आणि त्यात कोणाचंही नाव नाही.

पण मंगळवारी आणि शुक्रवारी पाच वाजता इथे दुसरं काही चालतं. टीव्हीवर गेलेलं मूल आमच्याकडे एकही नाही. आश्रयदात्यांना सांगायला सोयीचं असं फार नाही. इथे एक मुलगी तीन आठवडे एकच सूर लावते, आणि उरलेली चाळीस तो ऐकतात. चौथ्या आठवड्यात तो लागतो. त्या वेळी टाळ्या होत नाहीत. सगळे थोडे सरळ बसतात, एवढंच. आपल्या गावात माणसं सरळ बसून दुसऱ्याचं ऐकतात अशी दुसरी जागा मला माहीत नाही, आणि मी ग्रामसभेलाही जातो.

सायकलवरून येणारी ती मुलगी म्हणजे वर्षाली. ती विशारद झाली. गेली सहा वर्षं लहान मुलांना तीच शिकवते. बाईंनंतर वर्ग चालवायला ती तयार आहे. तिची अट एकच, पाच वाजता हॉल उघडा असावा. नागपूरच्या एका शाळेने तिला बोलावलं आहे. उद्या संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा आहे. आपली बैठक परवा. म्हणजे विषय क्रमांक चार आपण चर्चेला घेऊ, तेव्हा स्थगित करायला वर्गच नसेल. आपलं काम सोपं होईल.

बाई, आपल्याबद्दल गौरवाचे चार शब्द बोलायचे होते. आपण मला काल बजावलंत, “सर, माह्याबद्दल बोलू नका, पोरीबद्दल बोला.” ते ऐकलं. आपल्या वर्गात मी कधी बसलो नाही, तरी एवढं जमलं.

आश्रयदात्यांना विनंती आहे. येत्या मंगळवारी पाच वाजता या. व्यासपीठ नसेल, शाल नसेल, सतरंजीवर बसावं लागेल. अर्धा तास बसा आणि काही वेगळं वाटलं तर सांगा.

माझी वेळ संपली. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, रूपरावजींनी मध्ये थांबवलं नाही, माईकवाल्याने वायर बदलली नाही, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना कोणाला लागलं असेल तर तो माझा दोष समजावा.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. आपल्या मंडळाच्या घटनेप्रमाणे बैठकीची लेखी सूचना सात दिवस आधी सर्व सभासदांना पाठवावी लागते. ती पाठवायची माझ्याकडून राहून गेली. सूचना आली नाही, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्यामुळे परवाची बैठक आता घेता येत नाही. बैठक होत नाही तोवर रिकाम्या जागी शिक्षक नेमण्याचा अधिकार चिटणिसाला आहे. तसं पत्र मी आज सकाळी वर्षालीच्या हाती दिलं.

चिटणीसपदाच्या अकरा वर्षांत माझ्या हातून झालेली ही पहिलीच चूक. रूपरावजी, तेवढी पोटात घालावी.