भोपळा, फक्त प्रौढांसाठी

...अहो, नाही म्हणजे नाहीच उघडलं! आणि तुम्हाला सांगतो, राग यायचं सोडून मी नुसता बघत राहिलो. आमच्या हिचं इंटरनेटवरचं पान, गच्चीवरच्या भाज्यांचं, आणि पडद्यावर काय, तर 'वर्गवारी नसलेला मजकूर दाखवता येत नाही'! दिल्लीत कुठेतरी बसलेल्या सरकारी गाळणीला कोथरूडच्या गच्चीवरची आमची मेथी दिसते? कमाल आहे हो, कमाल!

ही जाऊन आठ महिने झाले. तिनं निवडून ठेवलेलं भोपळ्याचं शेवटचं बी मी जूनमध्ये लावलं. वेल मांडवभर पसरला, फुलं रोज येतात, रोज गळतात... एक फळ धरेल तर शपथ! उपाय तिच्या पानावर असणार म्हणून सायबर कॅफेत गेलो, तर हे.

कॅफेच्या मालकीणबाई, मिसबा, म्हणाल्या, "सर, यमुनाकाकू इथेच बसून लिहायच्या, त्यांचा पासवर्ड आहे माझ्याकडे. त्यानं आत जा आणि फॉर्म भरा. ज्याचं पान त्यानंच वर्गवारी द्यायची, असा नवा नियम आहे. सगळीकडे 'नाही' ठोका. सगळे तेच करतात!"

करत असतील! मी तीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत. न वाचता खूण करू? बसलो वाचत. हिंसा आहे का? ही लिहिते, 'गोगलगाय दिसली की दयामाया न करता मिठात टाकावी.' आहे! तंबाखूचा उल्लेख? 'पानांवर मावा कीड पडल्यास तंबाखूचं पाणी फवारावं.' आहे! तिला इतके प्रश्न मी सत्तावीस वर्षांत विचारले नव्हते हो, ते त्या फॉर्मनं विचारले... कमाल आहे!

लैंगिक व्यवहाराचं वर्णन? छे छे म्हणतोय, तोच समोर भोपळा! 'सकाळी सातच्या आत नर फूल तोडावं, पाकळ्या काढाव्यात, आणि मादी फुलात हळुवार फिरवावं. घाई करू नये.' कानशिलं तापली माझी! ही असं लिहायची?

"सर, भोपळा आहे तो!"

"असू दे की. वर्णन आहे की नाही?"

केली खूण, दाबलं बटण. पापणी लवायच्या आत निकाल: 'केवळ प्रौढांसाठी. सार्वजनिक संगणकावर बंद.' आणि एकदा भरलेला फॉर्म पुन्हा उघडत नाही म्हणे! माझ्या घरी कुठला आलाय संगणक? पण काय तो वेग, काय ती शिस्त... कमाल आहे हो, कमाल!

तुम्ही म्हणाल, उपाय तर कळला! कळला ना. रोज सकाळी सहाला गच्चीवर उभा असतो. समोर फुलं, सगळी पिवळी. त्यातलं नर कुठलं आणि मादी कुठलं? सोसायटीत विचारावं, तर सगळ्यांचा भोपळा मंडईतून येतो. हिनं खालच्याच ओळीत लिहिलं असणार, पण कानशिलं तापल्यावर पुढे वाचवतंय कुणाला!

वर्गवारी मात्र बिनचूक झालीय हं.