टाक्याचा पॉइंट

कृतिका : दिसतोय आता, काका. नवी केबल चालली. तुमच्या जुन्या जीपीएस मशिनमधले डोंगरातल्या जागांचे एकशे चाळीस पॉइंट मी लॅपटॉपवर घेतले, आता ते बाकीच्या सहा मशिनमध्ये चढवते. त्यांतले माझे सगळे काढून टाकलेत.

सहदेव : काढलेस कशाला? चहा घे आधी. तुझी तुळसाकाकू ठाकुर्ली स्टेशनपर्यंत भाजीला गेलीय. मीच केलाय, साखर कमी असेल.

कृतिका : चालेल. माझ्या फाइलमुळे रघुकाकांचा गुडघा मोडला ना. ती फाइल कुणाच्याच मशिनमध्ये राहायला नको. संध्याकाळी माजिवड्याला ग्रुप जमतोय, तिथे सांगून टाकणार की ट्रेक पूर्वीसारखे सहदेवकाकाच नेतील. सहाही जीपीएस तुमच्याकडे राहू देत.

सहदेव : असं कुणी म्हणालं तुला?

कृतिका : तोंडावर कोण बोलतंय. सुशांतने ग्रुपवर लिहिलेलं, की सहदेवकाका न्यायचे तेव्हा इतक्या वर्षांत कुणाला साधं खरचटलं नव्हतं. खाली सगळ्यांचे अंगठे.

सहदेव : तिथे नेमकं काय झालं, ते मला कुणी नीट सांगितलेलं नाही.

कृतिका : तुम्हाला ताप होता ना त्या दिवशी.

सहदेव : हं. तू सांग.

कृतिका : आम्ही अकरा जण होतो. मुरबाडवरून पुढे गेलो, पठारावर चढेपर्यंत साडेअकरा वाजले. एप्रिलचं ऊन. पाणी वर कातळात खोदलेल्या टाक्यात भरायचं ठरलेलं म्हणून प्रत्येकाकडे दोनच बाटल्या. मशिन दाखवत होतं त्या दिशेने काठापर्यंत गेलो तर टाकं नाही. पॉइंट अजून पुढे पूर्वेला, म्हणजे घळीच्या खाली. मी काठावर उभी राहून बघितलं, वाट अशी काही नव्हतीच. मी म्हटलं, काहीतरी गडबड आहे, परत फिरू. बंटी, प्राची, सगळे तयार होते परतायला.

सहदेव : मग?

कृतिका : रघुकाका ऐकेनात. मी त्यांना सांगितलं की आकडा चुकला असेल. तर म्हणाले, पोरी, हा सहदेवचा पॉइंट हाय. पानी आसनार म्हंजे आसनार. तुम्ही सावलीत बसा, मी बघून येतो. मिठागरात वाढलेला माणूस, उन्हाचं मला काय सांगता म्हणाले. बाटल्या दोरीला बांधल्या, गळ्यात अडकवल्या आणि उतरले.

सहदेव : माझं नाव घेतलं त्याने?

कृतिका : दोनदा. अर्ध्यात घसारा होता, सगळा सुटा दगड. आम्हाला आधी बाटल्यांचा आवाज आला. खालच्या वाडीतल्या लोकांनी बांबूला घोंगडी बांधून त्यांना गाडीरस्त्यापर्यंत आणलं, साडेचार तास लागले. गुडघ्यात प्लेट टाकलीय. पाय टेकायला दोन महिने, आणि डॉक्टर म्हणाले की डोंगर विसरा.

सहदेव : डोंगर विसरा म्हणाले?

कृतिका : हो. आणि काका, चूक कुठे झाली तेही आज सापडलं. तुमच्या मशिनमध्ये टाक्याच्या रेखांशात दशांशानंतर तिसरा आकडा दोन आहे. माझ्या फाइलमध्ये आठ. तुम्ही कागदावर लिहून दिलेलं, त्यावरून टाइप करताना मी दोनाचा आठ केला. तो कागदही मी फाडून टाकलेला, नाहीतर आधीच कळलं असतं. ऑफिसमध्ये आता प्रत्येक आकडा चार-चारदा बघते. साहेबांनी विचारलं पण, बरं नाही का म्हणून. आईला म्हटलं, मला साधं बघून लिहिता येत नाही, आणि मी दहा माणसं घेऊन गेलेले.

सहदेव : कृतिका, ते मशिन जरा बाजूला ठेव.

कृतिका : दोन मिनिटं. चौथं होतंय.

सहदेव : ठेव म्हणतो ना. तू बरोबर टाइप केलंस. कागदावर आठच होता.

कृतिका : म्हणजे तुमचा लिहिताना चुकला?

सहदेव : चुकला नाही. मी आठ लिहिला. मशिन समोर होतं, त्यावर दोन दिसत होता, आणि मी आठ लिहिला. तापही नव्हता मला त्या दिवशी.

कृतिका : तुम्ही तेव्हा म्हणालेलात की जुन्या मशिनमधून फाइल निघत नाही, म्हणून हाताने लिहून देतो.

सहदेव : निघते, हे मला माहीत होतं.

कृतिका : आज पहिल्याच झटक्यात निघाली. मला वाटलं, केबल बदलली म्हणून.

सहदेव : तू ओरडलीस तरी चालेल.

कृतिका : का केलंत ते सांगा.

सहदेव : हे मशिन माझ्या मेव्हण्याने दोन हजार तीन साली सिंगापूरहून आणलं. एकेका पॉइंटला मी स्वतः उभा राहिलोय, उपग्रह स्थिर होईपर्यंत हात वर धरून. रघू शेजारी बसून माझ्या डबीतला तंबाखू मळायचा. दर गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. रविवारी कुठं जायाचा, सहदेव? वीस वर्षं. मुलीच्या लग्नातसुद्धा गुरुवारी मी फोन उचलला होता. मग तू आलीस. अर्ध्या तासात सगळ्यांच्या मशिनमध्ये वाटा, पाणी, मुक्कामाच्या जागा, रंगीत खुणा घालून. जानेवारीत रघूच्या अंगणात बसलो होतो, आठवतं? त्याने तुला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, आता सहदेवला कशाला तरास, पोरीच्या यंत्रात सगळा हाय. सगळे हसले, मीसुद्धा. पुढच्या गुरुवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रविवारी निघायचं आहे हे मला ग्रुपवरून कळायचं. गुरुवारी फोन समोर ठेवून बसायचो आणि तुझा राग यायचा. तू माझ्याशी एकदाही वाकडं वागली नाहीस, याचा जास्त राग यायचा.

कृतिका : त्यांना वाटलं असेल, आता तुम्हाला आराम.

सहदेव : असेलही. मला तसं वाटून घ्यायचं नव्हतं. तू या ट्रेकचे पॉइंट मागितलेस तेव्हा इतकंच मनात आलं, की हिला पाणी सापडू नये. तहानेले परत येतील, ही ओशाळेल, आणि रघू फोन करून विचारेल, सहदेव, ते टाकं कुठं रे? तेवढ्या एका फोनसाठी. शनिवारी वाटलं होतं तुला कळवावं. फोन हातातही घेतला होता. मग रघूने ग्रुपवर तुझ्याबरोबर काढलेला फोटो टाकला, नव्या टोप्या घातलेला. मी फोन ठेवून दिला.

कृतिका : त्या टोप्या त्यांनीच सगळ्यांसाठी आणलेल्या. तुमचीपण होती. परत येताना गाडीत तशीच राहिली.

सहदेव : मला हे कुणी सांगितलं नाही.

कृतिका : तुम्ही भेटलात कुठे कुणाला. तीन आठवडे झाले, रघुकाका घरी येऊनपण दहा दिवस झाले.

सहदेव : कुठल्या तोंडाने जाऊ?

कृतिका : मी जाते ना. प्रत्येक वेळी पायाशी बसते आणि सॉरी म्हणते. तीन आठवडे मी त्या माणसाला जे मी केलंच नाही त्याचं सॉरी म्हणतेय. ते माझी समजूत काढतात. म्हणतात, आकडा हाय, चुकतो कधी. मागच्या वेळी मला विचारलं, सहदेव का नाय आला? त्यांना वाटतंय तुम्हीच त्यांच्यावर रागावलाय. तुम्हाला न विचारता घळीत उतरलो म्हणून.

सहदेव : असं म्हणाला तो?

कृतिका : हो.

(कृतिका लॅपटॉप मिटते.)

सहदेव : संध्याकाळी मी सगळ्यांसमोर सांगतो. तू जे सांगणार होतीस ते सांगू नकोस. ट्रेक तूच ने. ही मशिनं तू घेऊन जा, माझं जुनंही घेऊन जा. तुझ्या फाइलमध्ये आठाचा दोन कर, बाकीचे सगळे आकडे बरोबर आहेत. शप्पथ सांगतो.

कृतिका : शप्पथ नको. एकशे चाळीस आहेत, एकेक जाऊन बघीन. वर्ष लागलं तर लागलं.

सहदेव : बरोबर आहे तुझं.

कृतिका : आणि ग्रुपला नंतर सांगा. सहाला सगळे जमतील, आत्ता सव्वातीन झालेत. सगळ्यांच्या आधी रघुकाकांना कळायला पाहिजे, आणि ते तुमच्याकडून. चार लोकांच्या मध्ये त्यांना ते ऐकायला लावू नका.

सहदेव : तू येशील बरोबर?

कृतिका : नाही, काका. तुमच्या शेजारी बसून मला नाही जमणार. आज तरी नाही.

सहदेव : तो मला पुन्हा दारात उभा करणार नाही.

कृतिका : नसतील करणार. मला नाही माहीत.

सहदेव : त्याला आधी फोन करून बघू का? घरी कोणी पाहुणे असले तर?

कृतिका : फोन नका करू. फोनवर ते तुमची तब्येत विचारतील, आणि तुम्ही बरी आहे म्हणून ठेवून द्याल.